केसभर डावीकडे

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी माझे साहेब मला टेबलाखाली भेटले.

नगरच्या नागापूर एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. साखर कारखान्यात ऊस पुढे सरकवणारे जे लांबलचक लोखंडी पट्टे असतात, ते आम्ही बनवतो. मी ड्रॉइंग विभागात लागलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून हजर झालो, तर शिपायानं बोट दाखवलं, "ते काय पाठकसाहेब." मला तिथं नुसती रिकामी खुर्ची दिसली. एवढ्यात टेबलाखालून आवाज आला.

"कोण आहे ते? उभे आहात ना? मग मधला स्क्रीन धरा. उचला. अजून. आता केसभर खाली."

मी स्क्रीन धरला. टेबलावर तीन स्क्रीन एका ओळीत उभे होते आणि त्यांच्या डोक्यावरून, गवंडी भिंत बांधताना लावतात तशी, सुतळी ताणलेली होती. खालचा माणूस टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत होता. माझे हात भरून आले तेव्हा कुठे एक गुळगुळीत टक्कल बाहेर आलं, त्यामागून चष्मा, आणि चष्म्यामागून पाठकसाहेब.

"नाव काय आपलं?"

"रावसाहेब."

"झालं! म्हणजे आता विभागात दोन साहेब."

आमच्या नगर जिल्ह्यात ही पंचाईत नेहमीचीच. पोरगं पाळण्यात असतानाच त्याला रावसाहेब, भाऊसाहेब, बाळासाहेब करून टाकतात. पुढं तो शाळेत नापास होवो की टेम्पो चालवो, साहेबपण काही सुटत नाही. पाठकांचं नाव साधं मुकुंद होतं, पण ते खरे साहेब होते. ते मला आजपर्यंत "अहो रावसाहेब" म्हणत आले आणि मी त्यांना नुसतं "साहेब". नवख्या माणसाला वाटायचं, मीच त्यांचा वरचा अधिकारी.

ड्रॉइंगचं काम करणाऱ्याला एक स्क्रीन पुरत नाही. एकावर नकाशा, एकावर अख्खं यंत्र, एकावर गिऱ्हाइकाचे मेल. त्यामुळे आमच्या विभागात प्रत्येकाला तीन. आता ही कामं बंद असतात तेव्हा मागं जे चित्र दिसतं, तो वॉलपेपर, त्याकडे शहाणा माणूस लक्षही देत नाही. कंपनीनं दिलेलं असतं ते असतं. पाठकसाहेबांच्या विभागात मात्र तिन्ही स्क्रीन मिळून एकच चित्र असलं पाहिजे, असा नियम होता. एकच सलग, रुंद चित्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत. क्षितिजाची रेघ पहिल्या स्क्रीनमधून निघाली की तिसऱ्यातून बाहेर पडेपर्यंत कुठंही खाली-वर व्हायची नाही.

सांगायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आमचे स्क्रीन म्हणजे तीन सावत्र भाऊ. दोन एका मापाचे, तिसरा थोराड. एकाचा रंग निळसर, दुसऱ्याला कावीळ. चित्र पसरलं की थोराड स्क्रीनमध्ये जमीन वर उचलल्यासारखी दिसायची. मग साहेब सेटिंगमध्ये शिरायचे. तिथं तीन चौकोन दिसतात, ते माउसनं धरून खाली-वर सरकवायचे असतात. साहेब ते असे सरकवायचे की बघणाऱ्याचाही श्वास अडकावा. "केसभर वर. नाही, जास्त झालं. केसभर खाली." डोक्यावर एकही केस नसलेला माणूस दिवसभर केसभर-केसभर करत असायचा. मागं आम्ही त्यांना केसभरसाहेबच म्हणत असू.

एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, दोन स्क्रीनच्या मधे या काळ्या पट्ट्या येतातच. तिथं चित्र तुटतंच की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिलीच्या वर्गात पाटी न घेता आलोय.

"रावसाहेब, तुमच्या घरी म्हैस आहे?"

"होती."

"खिडकीच्या बाहेर म्हैस उभी राहिली, तर गजाच्या जागी ती कापली जाते का?"

"नाही."

"गजाच्या मागं ती असते ना?"

"असते."

"मग पट्टीच्या मागंही चित्र असलं पाहिजे. तेवढं झाकून ठेवायचं. या बाजूची म्हैस त्या बाजूच्या म्हशीला नुसती चिकटवली, तर ती म्हैस आखूड होते." आणि त्यांनी खरोखर हिशेब करून पट्टीच्या रुंदीइतकं चित्र मधे गाळून दाखवलं. खोटं कशाला सांगू, खिडकीतून बघितल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून मलाही दुसरीकडची आखूड चित्रं दिसायला लागली, आणि माझं सुखाचं आयुष्य थोडं बिघडलं.

चित्र कुठलं लावायचं याचाही नियम होता. संगणकाबरोबर फुकट येणारे बर्फाचे डोंगर, निळी तळी त्यांना खपायची नाहीत. कुणाच्या टेबलावर असला डोंगर दिसला की ते वाकून विचारायचे, "हे कोण? ओळखता का यांना?" आपण नाही म्हटलं की म्हणायचे, "मग दिवसभर यांच्यासमोर काय बसता?"

म्हणून ते स्वतः फोटो काढायचे. जुनी स्कूटर, पुढं पिशवीत कॅमेरा, मागं तीन पायांचा स्टँड आडवा बांधलेला. मुळा धरणाचं पाणी, नेवाशाची प्रवरा, शेवगावकडचं सपाट रान. स्टँडवर कॅमेरा थोडाथोडा फिरवत एकाशेजारी एक फोटो घ्यायचे आणि मग ते जोडून एक लांब चित्र करायचे. "आपल्या नगरला देवानं खास या कामासाठी बनवलंय," ते म्हणत. "पूर्वेला बघा. मधे एक डोंगर येत नाही. सरळ रेघ." दुष्काळी रानाचं इतकं कौतुक मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

हे वेड कारखान्यापुरतं असतं तरी चाललं असतं. पण साहेबांना कुठेही दोन स्क्रीन शेजारी दिसले की हात आवरत नसत. एकदा रक्त तपासायला ते एका लॅबमध्ये गेले, मी सोबत होतो. रक्त घेणाऱ्या मुलीच्या टेबलावर दोन स्क्रीन, आणि दोन्हीवर एकच चित्र वेगवेगळं लावलेलं: सूर्योदय. साहेबांचं रक्त काढून झालं, तिनं कापूस लावला, हात दुमडून बसा म्हणाली. साहेब बसले, पण नजर तिकडेच.

"ताई, एक विचारू? तुमच्या गावात सूर्य किती?"

ती घाबरली. तिला वाटलं, रक्त गेल्यामुळं चक्कर आली. तिनं मला खूण केली. तोवर साहेब दुमडलेला हात तसाच कोंबडीच्या पंखासारखा धरून उठले आणि दुसऱ्या हातानं सेटिंग उघडून बसलेसुद्धा. रांगेतले लोक उपाशीपोटी बघत होते. थोड्या वेळानं दोन्ही स्क्रीन मिळून एकच सूर्य उगवला. रांगेतल्या एका म्हातारबांनी "आता बरोबर" म्हणून मान डोलावली. आजही त्या लॅबमध्ये गेलो की ती मुलगी विचारते, "सूर्यवाले काका बरे आहेत ना?"

आमच्या मालकांनाही त्यांनी सोडलं नाही. मालकांच्या केबिनमध्ये दोन स्क्रीन. नात झाली तेव्हा त्यांनी हौसेनं तिचा फोटो दोन्हींवर मिळून पसरला. बाळाचं नाक नेमकं पट्टीवर आलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, मधे दोन बोटं अंतर. बाहेरगावचं मोठं गिऱ्हाईक समोर बसलेलं, मालक पट्ट्याच्या लांबीबद्दल विचारताहेत, आणि साहेब उत्तर देईनात.

"पाठक, लक्ष कुठंय?"

"साहेब, आधी छकुलीचं नाक जोडू द्या. मग बोलतो."

गिऱ्हाईक इतकं हसलं की बोलणी तिथंच खेळीमेळीत पार पडली. मालकांनी त्यानंतर पाठकांना कधी टोकलं नाही.

माणूस असा. डब्यात रोज खानावळीची पोळीभाजी, दुपारी झोप नाही, कुणाच्या लग्नात फोटोत नाही, कुणाच्या घरी जाणं नाही. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, ती मी लागण्याआधी गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. स्वतःबद्दल त्यांना कुणी काही विचारलं की ते समोरच्याचा स्क्रीन सरळ करायला लागत. सरळ असला तरी.

मग गेल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला.

नेवाशाच्या पुढं आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटा भाऊ बाळू शेती बघतात. अण्णा सकाळी गोठ्यात वाकले आणि उठलेच नाहीत. डावी बाजू गेली. दवाखान्यातून सुटल्यावर रोजचा व्यायाम करून घ्यायला माणूस यायला हवा, म्हणून आम्ही त्यांना नगरला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. मागची खोली दिली. आई गुराढोरांसाठी बाळूजवळ गावीच राहिली.

हात-पाय लुळे पडलेले आपण समजू शकतो. पण अण्णांचं एक वेगळंच झालं होतं. त्यांना डावीकडचं जग उरलंच नव्हतं. डोळे चांगले होते, पण ते डावीकडे बघायचेच नाहीत. ताटातली उजवीकडची भाकरी खायचे आणि डावीकडची भाजी तशीच ठेवून म्हणायचे, "भाजी का न्हाई केली?" सुरेखा, माझी बायको, डाव्या बाजूनं खोलीत आली तर त्यांना पत्ताच लागायचा नाही. व्यायाम करून घ्यायला येणारे डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूची ती बाजू दुखावलीय. त्यांना पुन्हापुन्हा डावीकडे वळायला लावा. त्यांच्या मनातली काही वस्तू तिकडे ठेवा.

पण अण्णांच्या मनातली वस्तू आमच्या फ्लॅटमध्ये होती कुठं? समोर पिवळट भिंत, तिच्यावर बंद पडलेलं घड्याळ. अण्णा त्या भिंतीकडे बघत पडून राहायचे. व्यायामाला नाही म्हणायचे. हळूहळू जेवणालाही नाही म्हणायला लागले. जन्मभर बडबड करणारा माणूस गप्प झाला. मी रोज संध्याकाळी घरी जाताना जिन्यात थोडा थांबायचो, मग वर जायचो.

एका शनिवारी पाठकसाहेब मोसंबी घेऊन बघायला आले. ते कुणाकडे जात नसत, म्हणून मला आश्चर्य वाटलं. खोलीत शिरले, अण्णांना नमस्कार केला, आणि नंतर बोलेचनात. अण्णांकडे पाठ करून समोरच्या भिंतीपुढं उभे राहिले. वीत टाकून भिंत मोजायला लागले.

सुरेखानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, असू दे.

भिंत मोजून झाल्यावर ते वळले. "अण्णा, शेतावर तुमची बसायची जागा कुठली?"

अण्णा जड जिभेनं म्हणाले, "हिरीवर."

"विहिरीच्या कठड्यावर? तोंड कुठं करून?"

"गावाकडं."

"बरं," साहेब म्हणाले आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूचा फोन. "दादा, आपल्या हिरीवर एक टकला मानूस बसलाय. कॅमेरा हाय त्याच्याकडं. म्हनतो, मी रावसाहेबांचा साहेब. खरं हाय का? का जमीन मोजाया आलाय कुनी?"

"खरं आहे. चहा दे त्यांना."

"दिला. घेतला न्हाई. मला म्हनतो, बाजूला व्हा, रेघ मोडतीय."

त्या संध्याकाळी एक टेम्पो आमच्या दारात उभा राहिला. मालकांना विचारून साहेबांनी कारखान्याच्या स्टोअरमधून तीन जुने स्क्रीन आणि एक संगणक आणला होता. घड्याळ खाली आलं. खिळे, पट्ट्या, सुतळी बाहेर आली. साहेबांनी तिन्ही स्क्रीन भिंतीवर चढवले, डावीकडचा जरा आत वळवून. मग ते मागं सरकून बघायला लागले आणि त्यांचं समाधान होईना.

"उभ्यानं बघून उपयोग नाही," ते म्हणाले. "अण्णा, जरा सरकता का?"

आणि माझे साहेब, अंगावर कारखान्याचा शर्ट, पायात मोजे, सरळ अण्णांच्या शेजारी पलंगावर आडवे झाले. दोघं एकाच उशीवर डोकं ठेवून भिंतीकडे बघताहेत, आणि साहेब मला हुकूम सोडताहेत, "मधला केसभर खाली. अजून. आता डावा." सुरेखा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. कित्येक दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं होतं.

मग त्यांनी चित्र लावलं.

आमची विहीर. म्हणजे विहीर नाही, विहिरीवर बसल्यावर दिसतं ते सगळं. उजवीकडे ऊस, मधे गाडीवाट आणि गावाची कौलं, डावीकडे गोठा आणि गोठ्यावर झुकलेला आजोबांच्या हातचा लिंब. सकाळचं ऊन. भिंत गेली होती.

अण्णा बघत राहिले. उसावरून नजर वाटेवर आली, गावावर आली, आणि तिथंच थांबली. एकदम त्यांचा चेहरा लाल झाला.

"लिंब कुठाय?"

कुणाला कळेना.

"बाळ्यानं लिंब तोडला! माझ्या मागं लिंब तोडला! लाव, फोन लाव त्याला!" ते उजव्या हातानं गादीवर मूठ आपटायला लागले. इतके शब्द ते महिन्यात बोलले नव्हते. मी घाबरून पुढं झालो, पण साहेबांनी मला हातानं मागं सारलं. ते अजून अण्णांच्या शेजारीच पडलेले होते.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "लिंब आहे. मी आज सकाळीच त्याच्या सावलीत उभा होतो. केसभर डावीकडे बघा."

"न्हाई दिसत."

"अजून केसभर."

अण्णांची मान थरथरत वळली. मधल्या स्क्रीनच्या कडेला आली, थांबली.

"अजून. पट्टीच्या मागं रान संपत नाही. पुढं चला."

मान पुढं सरकली. आणि अण्णांचे डोळे डावीकडच्या स्क्रीनवर गेले. त्यांनी लिंब बघितला. गोठा बघितला. दावणीची गाय बघितली.

"हाय की," ते म्हणाले. "हाय, हाय."

मी स्वयंपाकघरातून सुरेखाला हाक मारली.

बरे झाले ते औषधानं आणि रोजच्या व्यायामानं, हे मी जाणतो. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे चित्र काढू नका. अण्णा आता व्यायामाला नाही म्हणेनात. डॉक्टर डावा हात उचलून धरायचे आणि विचारायचे, "अण्णा, गाय कुठंय?" अण्णा वळायचे. आठवड्याभरात ते ताटातली भाजी शोधायला लागले.

मात्र आठवड्याभरातच त्यांनी तक्रारही केली. "ह्ये शिळं रान हाय. आजचं दावा."

झालं. साहेब दर रविवारी स्कूटरवरून गावाला जायचे, त्याच कठड्यावरून तसेच फोटो काढायचे आणि संध्याकाळी येऊन चित्र बदलायचे. चित्र बदललं की अण्णा इकडून तिकडं पाहणी करायचे आणि फोन मागायचे. नगरच्या फ्लॅटमध्ये पलंगावर पडून ते वॉलपेपरवरून शेती बघायला लागले.

"बाळ्या, उसाला पानी न्हाई दिलं. पात वाळलीय."

"अण्णा, लाईट नव्हती."

"गाईला वैरन कमी दिसती. आन ती लिंबाखाली फटफटी कुनाची?"

बाळूनं घरात न सांगता जुनी मोटारसायकल घेतली होती. तो रडकुंडीला आला. मला फोन करून म्हणाला, "दादा, लई झालं. त्या साहेबांचं येनं बंद करा. आमी रविवारी सकाळी उठून गोठा झाडतो आता, फोटोत यील म्हनून."

साहेब मात्र कुणाचं ऐकत नव्हते. ऊस तुटून गेला तेव्हा रिकामं रान बघून अण्णा उदास होतील म्हणून मी म्हटलं, या वेळचा फोटो नको लावायला. साहेब म्हणाले, "नाही रावसाहेब. जे आहे ते दिसलं पाहिजे त्यांना." आणि अण्णा रिकामं रान बघून म्हणाले, "आता गहू घाला," आणि खुशीत झोपले.

गुढीपाडव्याच्या आसपास अण्णा काठी टेकत चालायला लागले. डावा पाय अजून ओढत होता, पण डॉक्टर म्हणाले, गावी जायला हरकत नाही. आम्ही त्यांना जीपमधून नेलं. बाळूनं आणि मी धरून विहिरीपर्यंत चालवलं. कठड्यावर बसल्यावर त्यांनी सगळीकडे एकदा बघून घेतलं, डावीकडेसुद्धा, कुणी न सांगता.

अण्णांना गावीच ठेवून नगरला परतल्यावर मी पेढे घेऊन साहेबांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दिल्ली दरवाज्याच्या वेशीच्या आत, एका जुन्या घराच्या माडीवर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल. आतल्या खोलीत भिंतीला लागून एक खाट, तिच्यावर स्वच्छ चादर, पायथ्याशी घडी केलेली शाल. कुणी झोपत असेल असं वाटत नव्हतं.

मी वाकून नमस्कार करायला गेलो, तर ते दचकून मागं सरले. "अहो, हे काय! पेढे द्या आणि बसा."

मी म्हटलं, "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. अण्णा परत आले. आता रविवारची तुमची धावपळ संपली, एवढंच समाधान."

"हो," ते म्हणाले. "हो. बरोबर आहे. संपली."

त्यांच्या समोर सरळ करायला स्क्रीनही नव्हता. घरी त्यांच्याकडे संगणकच नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. मग ते आतल्या खाटेकडे बघत म्हणाले, "आई इथं चार वर्षं होती. उठता येत नव्हतं. समोर ती भिंत. मी दिवसभर कारखान्यात लोकांचे स्क्रीन जुळवायचो आणि संध्याकाळी इथं येऊन तिला वरणभात भरवायचो. मला कधी सुचलंच नाही हो, रावसाहेब. तिचं माहेर कोपरगावकडचं. गोदावरीच्या काठचं. एका दिवसाचं तर काम होतं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला. मग उठून चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या रविवारी दुपारी बाळूचा फोन आला.

"दादा, तुझे साहेब आल्यात."

"आता कशाला? मी त्यांना सांगितलं होतं, फोटो नको म्हणून."

"फोटोचं न्हाई. कॅमेरा आनलाच न्हाई त्यांनी. मी इचारलं, काय काम हुतं का, तर म्हनले, काही नाही, सहज. हिरीवर बसलेत अण्णांच्या शेजारी. लई येळ झाला."

"काय बोलताहेत?"

"कायबी न्हाई. अण्णा मधनंच काठीनं कायतरी दावत्यात, ह्ये मान हालवत्यात."

"त्यांना जेवायला थांबव. सोडू नकोस."

"थांबलेत. आईनं वांगी भाजाया घेतलीत. पहिल्यांदाच व्हय म्हनले."

मागून अण्णांचा आवाज आला, "कुनाचा फोन? रावसाहेबाचा? त्याला म्हनावं, आमी बसलोय, मधी बोलू नको. आन बाळ्या, सायबाला घोंगडी आनून दे, कट्टा तापलाय."

बाळूनं फोन बंद न करताच खिशात टाकला असावा. मला कापडाची खसखस ऐकू आली, मग पाखरं, मग लांबवर कुणाचा तरी ट्रॅक्टर. मीही फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं साहेबांचा आवाज ऐकू आला, कारखान्यात कधी ऐकला नव्हता इतका सैल.

"अण्णा, त्या गोठ्याच्या पलीकडं काय आहे? तिथून पुढचं मला कधी दिसलंच नाही."

"तिकडं व्हय?" अण्णा म्हणाले. "तिकडं लई हाय. सांगतो, बसा." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, पार माझ्या पणजोबांपासून.